आधी कापते, मग शिवते

अंगातला टी-शर्ट काढून उलटा करा (रूमचं दार लावून!) आणि बाजूची शिवण बघा. कडेला दोऱ्यांची जाळी गुंडाळलेली दिसेल. ही ओव्हरलॉकची शिवण. साध्या मशीनमध्ये एक दोरा सुईत आणि दुसरा बॉबिनमध्ये असतो. ओव्हरलॉकला बॉबिनच नसते. तीन दोऱ्यांच्या मशीनमध्ये एक दोरा सुईत आणि दोन लूपरमध्ये असतात. लूपर कडेच्या वर-खाली दोरा फिरवतात, सुई तो पकडून ठेवते. त्यामुळे कापडाची सुतं निघत नाहीत.

पण या मशीनची खरी गंमत म्हणजे तिच्या दोन सुऱ्या. एक स्थिर, एक वर-खाली होणारी, कात्रीसारख्याच. कापड सुईखाली जाण्याआधीच त्याची कड कापली जाते. म्हणजे चूक झाली तर शिवण उसवता येते, पण कापलेलं परत येत नाही.

हे मी मागच्या दिवाळीत शिकले. आई घरी शिलाईची कामं घेते. मी मदतीला म्हणून कडेला टाचण्या लावून देत होते. एक काढायची राहिली. टक्कन आवाज झाला, सुरीचा टवका उडाला. ऐन सणात मशीन दोन दिवस बंद! आई मला एका शब्दानेही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग सुट्टीत त्याच मशीनवर दोन वस्तू बनवल्या. दोन्ही अगदी सोप्या आहेत.

टाचण्यांची उशी : १२ सें.मी.चे दोन चौकोन घ्या. सुलट बाजू आत ठेवून चारही बाजू ओव्हरलॉक करा, एका बाजूला ५ सें.मी. जागा सोडा. कोपऱ्यात वळू नका. सरळ बाहेर निघा आणि पुढची बाजू नव्याने सुरू करा. उलटवून आत मशीनचंच कातरण ठासून भरा आणि तोंड हाताने शिवा.

कातरणाची पिशवी : जुन्या जीन्सचा ३५ × ४५ सें.मी. तुकडा चारही बाजूंनी ओव्हरलॉक करा. ही मशीनखालची चटई. पिशवीसाठी ३५ × ४२ सें.मी. सुती कापड घ्या. ३५ च्या दोन्ही कडा आधी ओव्हरलॉक करा, मग सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडा आणि दोन्ही बाजू शिवा. उलटवून तोंडाची एक कड साध्या मशीनने चटईच्या पुढच्या, ३५ च्या कडेला जोडा. मशीनच्या वजनाने चटई जागेवर राहते, पिशवी टेबलाखाली लोंबते आणि कातरण थेट तिच्यात पडतं. शिवाय जाड चटईमुळे थरथर आणि आवाजही कमी होतो. (व्हायब्रेशनचा पेपर शेवटी कामी आला!)

आता टाचण्या कडेपासून ३ सें.मी. आत आणि कडेला समांतर लावते. जमेल तिथे कपडे वाळत घालायचे चिमटेच वापरते. उशीत मोजून दहा टाचण्या असतात. मशीन सुरू करण्याआधी आई विचारते, "किती आहेत गं?" दहा म्हटल्याशिवाय ती पेडलवर पाय ठेवत नाही.