जुन्या गाडीचं अस्तर

अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये साडेबारा वर्षांच्या आसपास होतं. या वयात इंजिन बहुधा ठणठणीत असतं. आधी थकतं ते आतलं सामान. शिकायला आलेली मराठी मुलं जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतात आणि एखाद्या उन्हाळ्यात छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबू लागतं.

हे कापड थेट पत्र्याला चिकटवलेलं नसतं. त्याच्या पाठीला फोमचा पातळ थर असतो आणि तो थर दाबून घडवलेल्या एका हलक्या फळीवर बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमट हवेनं फोमची भुकटी होते. कापड शाबूत, फळी शाबूत, मधला थरच गेलेला! म्हणून वरवर गोंद फवारून दाबलेलं कापड पुन्हा सुटतं; नवा गोंद भुकटीलाच धरून बसलेला असतो. टिकाऊ काम करायचं तर फळी उतरवून ब्रशनं जुना फोम पार खरवडून काढावा लागतो. मग फोम लावलेलं नवं कापड आणि फळी, दोन्हींवर उष्णता सोसणारा गोंद मारायचा, तो जरा चिकट होऊ द्यायचा आणि मधून कडांकडे तळहातानं बसवत जायचं. खरवडणं कंटाळवाणं आहे, पण सगळी मजबुती तिथंच आहे. तेवढी सवड नसेल तर पिळाच्या पिना टोचून कापड तात्पुरतं वर धरता येतं.

मला सर्वांत आवडतो तो जुन्या होंडांचा उपाय. ब्रेकच्या दांडीवरच्या भोकात प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते. पाय उचलला की ती दिव्याचा स्विच दाबून धरते आणि मागचे लाल दिवे विझतात. टिकली ठिसूळ होऊन फुटली की स्विचचं टोक भोकातून आरपार जातं, दिवे जळतच राहतात, बॅटरी उतरते. त्याहून वाईट म्हणजे आपण कधी ब्रेक लावला हे मागच्याला कळत नाही. पायाखाली प्लॅस्टिकचे कण दिसले तर आधी इथं पाहावं. नवी टिकली स्वस्तात मिळते; ती येईपर्यंत भोकात छोटा बोल्ट घालून नट आवळला तरी काम होतं.

असं हातानं शिकण्याला अमेरिकेत जुनी परंपरा आहे. जॉन म्यूर यांचं फोक्सवॅगन दुरुस्तीचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. ते यंत्राची ओळख नसलेल्यांसाठीच लिहिलेलं होतं. पुढे रेडिओवर ‘कार टॉक’मुळे घरोघरी पोचलेल्या टॉम आणि रे मॅग्लिओझी या भावांनी १९७३ मध्ये केंब्रिजला ‘हॅकर्स हेवन’ काढलं. तिथं जागा आणि हत्यारं भाड्यानं घेऊन लोक आपली गाडी आपणच दुरुस्त करत. धंदा म्हणून ते चाललं नाही. पण अशी जागा आज प्रत्येक गावात हवी, असं मला मनापासून वाटतं.

एका ठिकाणी मात्र हात आवरावा. बऱ्याच नव्या गाड्यांत छताच्या कडांना, अस्तराच्या मागे, पडद्यासारख्या एअरबॅग घडी घालून ठेवलेल्या असतात. तिथं पिन टोचू नये, गोंद मारू नये. फळी उतरवण्याआधी बॅटरी सोडवून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावं.