आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

चैत्र संपून वैशाख लागला की गोमंतकातील हवा अशी काही कोंदते की, बंद मोटारीत बसलेल्याला आपण माणूस आहोत की मोदकपात्रातील पातोळी, असा प्रश्न पडावा. अशा दिवसांत मोटारीतील वातानुकूलन यंत्र ही चैन उरत नाही. पर्यटकांची ने-आण करून पोट भरणाऱ्या टॅक्सीचालकास तर ते इंधनाइतकेच निकडीचे असते. गारवा नसलेल्या गाडीतून दाबोळीहून काणकोणपर्यंत जाण्यास आज कोणी प्रवासी राजी होत नाही. हे यंत्र कुरकुरू लागले म्हणजे चालकाच्या पोटात गोळा उठतो. अग्रलेखाच्या जागी कॉम्प्रेसरच्या खडखडाटाची चर्चा पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. जावोत बापड्या! ज्या बिघाडाच्या नावाखाली कष्टकरी माणसाची मोसमभराची शिल्लक एका दुपारी खर्ची पडते, तो विषय आम्हास क्षुल्लक वाटत नाही.

गेल्या पंधरवड्यात एका सभेच्या निमित्ताने आम्ही मडगावहून फोंड्यास निघालो होतो. बोरीच्या पुलाची उतरण लागली, गाडीचा वेग मंदावला आणि पुढल्या भागातून जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज येऊ लागला. चालक ओळखीचे. त्यांनी सांगितले की, एका मोठ्या कार्यशाळेने कॉम्प्रेसर निकामी झाल्याचा निर्वाळा दिला असून नव्याचा अंदाजखर्चही हाती ठेवला आहे. तो आकडा त्यांच्या गाडीच्या तीन हप्त्यांएवढा होता. गाडीचे तोंड उघडून कोणी काय पाहिले, असे आम्ही विचारले. कोणी काहीच पाहिले नव्हते. दारातच आवाज ऐकला आणि कागद लिहिला!

सभा आटोपल्यावर आम्ही त्यांना फोंड्यातील एका वयोवृद्ध मिस्त्रीकडे नेले. चालकाने कागद पुढे करताच मिस्त्रीने तो न वाचताच घडी करून परत दिला. ‘‘आदीं आयकूंया, मागीर उकतें करूंया,’’ एवढेच तो म्हणाला.

त्याने जे केले ते मोटार वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. कॉम्प्रेसर इंजिनाच्या शक्तीवर, रबरी पट्ट्याने फिरतो. पट्टा ज्या पुलीवर बसतो ती पुली मात्र गारव्याचे बटण बंद असतानाही इंजिनाबरोबर सतत फिरत असते. बटण दाबले की विद्युतचुंबकाने क्लचची तबकडी पुलीस जाऊन चिकटते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि मग कुठे कॉम्प्रेसरचा आतील दांडा फिरू लागतो. तेव्हा पहिला प्रश्न एकच : बटण बंद असतानाही आवाज येतो काय? मिस्त्रीने बटण बंद करविले, आवाज तसाच. चालू करविले, तरी तसाच. म्हणजे संशयाची सुई कॉम्प्रेसरच्या पोटाकडून बाहेरच्या फिरत्या भागांकडे वळली. त्याने इंजिन थांबवून पट्टा उतरविला आणि क्षणभरच इंजिन चालवून पाहिले. आवाज नाहीसा झाला. मग पट्ट्यावरची एकेक पुली हाताने फिरवीत तो पुढे गेला. अल्टरनेटरची सुरळीत, पट्टा ताणून धरणारीही सुरळीत. कॉम्प्रेसरची पुली मात्र बोटांखाली वाळू दळावी तशी खरखरली आणि किंचित डुललीही. शेवटी त्याने पुढची तबकडी हाताने फिरवून आतला दांडा तपासला. तो एकसारख्या दाबाने, कोठेही न अडखळता फिरला. कॉम्प्रेसर धडधाकट होता. गेले होते ते पुलीचे बेअरिंग. या गाडीत ते बदलण्यास गॅसच्या नळ्यांना हातही लावावा लागला नाही. नवे बेअरिंग बसवून, तबकडी व पुली यांमधील अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे अंतर पातळ चकत्या घालून जुळविले, आणि संध्याकाळच्या आत गाडी पुन्हा भाड्याला लागली. खर्च कार्यशाळेच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

पट्टा काढून पाहण्याची ही युक्ती मोटारीतील वातानुकूलनाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मोटारींत हे यंत्र प्रथम बसवून दिले तेव्हा त्यास क्लचच नव्हता. गारवा नको असेल तर मालकाने गाडी थांबवावी, झाकण उघडावे आणि पट्टा उतरवून ठेवावा, अशी राजेशाही व्यवस्था होती!

याचा अर्थ प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर निर्दोषच असतो, असा नव्हे. बटण दाबल्यावरच आवाज येत असेल तर शोध अधिक बारकाईने घ्यावा लागतो. पकडताना चिरका आवाज येऊन क्लच घसरत असेल तर तबकडी झिजून अंतर वाढलेले असू शकते, किंवा पट्टाच सैल असतो. आमच्या रस्त्यांवरील खड्ड्यांच्या कृपेने कॉम्प्रेसर धरून ठेवणारे बोल्ट ढिले होतात आणि सगळा सांगाडा थरथरतो. तेथे पान्याचे दोन वेढे पुरतात. कधी दोष कंडेन्सरच्या पंख्याचा असतो आणि शिव्या कॉम्प्रेसर खातो. बटण बंद केल्यावर काही क्षण येणारा ‘सूं’ असा आवाज तर दोषच नव्हे; तो नळ्यांतील दाब समान होत असल्याचा आवाज आहे.

सर्वांत मोठा घोटाळा गॅसच्या बाबतीत होतो. ‘‘गॅस संपला, भरून घ्या,’’ हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येते. गॅस हे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो पुन्हा पुन्हा फिरतो. तो लक्षणीय कमी झाला असेल तर कोठे तरी गळती आहे, आणि सांध्यापाशी उमटलेला तेलकट डाग बहुधा ती जागा दाखवितो. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या पत्र्या खाल्ल्या जातात, हेही आमच्या भागात ध्यानी धरले पाहिजे. गळती न बुजविता वरून गॅस ओतणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. पण येथे नुकसान पाण्याचे नव्हे, तेलाचे होते. कॉम्प्रेसरला वंगण पोचविणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस कमी झाला की तेलही धड परत येत नाही, आतील भाग कोरडे घासू लागतात आणि मग खरोखरच तो दळल्यासारखा आवाज येतो. उलट, अंदाजाने ठासून भरलेला गॅसही घातक. द्रवरूपात तो कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर ठोके बसतात. कारण वायू दाबता येतो, द्रव दाबता येत नाही. किती वजनाचा गॅस भरावा हे बहुतेक गाड्यांत झाकणाखालील चिठ्ठीवर छापलेले असते. ती वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

कॉम्प्रेसर आतून खरोखरच फाटला असेल, तेलात धातूची चकचकीत कणी दिसत असेल, तर मात्र काटकसर अंगाशी येते. ही कणी सर्व नळ्यांतून पसरते. अशा वेळी ड्रायर व एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलावेच लागतात, आणि आधुनिक कंडेन्सरच्या सूक्ष्म वाटा धुऊन साफ होत नसल्याने बहुधा तोही बदलावा लागतो. हे न करता बसविलेला नवा कॉम्प्रेसर जुन्याच्याच वाटेने जातो. शिवाय नळ्या उघडल्या की आमची दमट हवा आत शिरते. दमटपणाशी छापखान्यांचे वैर तर जुनेच. विलिस कॅरिअर याने १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीच आपले पहिले यंत्र रचले होते. मोटारीत हा ओलावा तेलाशी व गॅसशी मिळून आम्ल निर्माण करतो. म्हणून गॅस भरण्यापूर्वी निर्वात पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे. पाच मिनिटांत पंप आवरणाऱ्यास ग्राहकाने खुशाल थांबवावे.

आणि जुना गॅस? तो बहुतेक ठिकाणी हवेत सोडून दिला जातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर पोखरणारा आर-१२ गेला आणि आर-१३४ए आला. नव्याने ओझोनला धक्का बसत नाही. परंतु पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. अशा वायूंना आवर घालणारी किगाली येथील २०१६ ची दुरुस्ती भारताने २०२१ साली मान्य केली, पण गल्लीतल्या गॅरेजपर्यंत तिचा वारा पोचलेला दिसत नाही. गॅस परत ओढून घेणारी यंत्रे असतात. एकट्या मिस्त्रीस ती परवडत नाहीत, हे आम्हास कळते. परंतु टॅक्सीचालकांच्या संघटनांनी तालुक्यास एक याप्रमाणे ती सामाईक घ्यावीत व सरकारने त्यास हातभार लावावा, यात अवघड काय आहे? भाड्याचे दर आणि मीटर यांवर आंदोलने करणाऱ्या संघटनांनी आपल्या सभासदांची अशी होणारी लूट हाही आपला विषय मानला पाहिजे.

विजेच्या मोटारींची गोष्ट निराळी. त्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तेथे पट्टा नाही, आणि नारिंगी तारांस प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. काही नव्या पेट्रोल गाड्यांतही क्लच नसतो व दांडा सदैव फिरत असतो. तेथे बटणाची परीक्षा फसते.

इतर मालकांनी मात्र अंदाजखर्चाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : पट्टा काढून पाहिला काय, दाबमापकाने काय दाखविले, आणि काढलेला जुना भाग आम्हास परत मिळेल काय. आता पावसाळा तोंडावर आला आहे. भाडी थंडावतात, गाड्या दारात उभ्या राहतात, आणि हीच दुरुस्तीची सवड असते. त्या चार महिन्यांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे हे यंत्र चालवावे. दांड्यावरील रबरी सील तेलाने ओले राहते, आणि पावसात धुरकटलेली पुढची काचही स्वच्छ होते. आमच्या त्या चालकांना मिस्त्रीने निघताना आणखी एक काम सांगितले होते : कंडेन्सरवर साचलेले खारट किटण गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन काढण्याचे. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी, विहिरीवरून दोन कळश्या आणून केले.