पेन्टनविल तुरुंगातला एक दिवस

उत्तर लंडनमधला पेन्टनविल तुरुंग 1842 साली सुरू झाला. आराखडा जोशुआ जेब या लष्करी अभियंत्याचा. मधल्या दालनातून चहूकडे फाकलेल्या इमारती, 520 कोठड्या आणि नियम एकच: कैद्याची कैद्याशी गाठ पडू द्यायची नाही. एकटा राहिला की माणूस केलेल्या गुन्ह्याचा विचार करील, पस्तावेल आणि सुधारेल, अशी त्या काळच्या सुधारकांची मनापासून श्रद्धा होती. सुरुवातीला इथे दीड वर्ष काढायचे आणि मग ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर चढायचे. त्या दीड वर्षातला दिवस साधारण असा जाई.

पहाटे पावणेसहा. घंटा होते. कैदी टांगलेली झोळी उतरवतो, अंथरुणासकट गुंडाळून ठेवतो. कोठडी 13 फूट लांब, 7 फूट रुंद, 9 फूट उंच. आत टेबल, स्टूल, गॅसचा दिवा, पाणी, शौचाची सोय. लंडनच्या गोरगरिबांच्या घरात तेव्हा हे नव्हते. पण कुठल्याही गरजेसाठी कैद्याने दाराबाहेर यायला नको, म्हणून ही सोय.

सहा वाजता काम सुरू. कुणाच्या कोठडीत हातमाग, कुणाकडे जोडे शिवायचे, कुणाकडे कपडे. काम शिकवणारा मास्तर कोठडीतच येतो.

साडेसात. सज्ज्यांच्या कठड्यांवरून ढकलगाडी फिरते. दारातली झडप उघडते, पाव आणि काकवी घातलेला कोको आत येतो, झडप मिटते.

नऊच्या सुमारास प्रार्थना. कोठडीबाहेर पडताना टोपीची लांब झालर तोंडावर ओढायची. तिला डोळ्यांपुरती दोन भोके. छातीवर कोठडीच्या क्रमांकाचा बिल्ला, आणि हाक मारायची ती त्याच क्रमांकाने. प्रार्थनामंदिरात प्रत्येकाला उभ्या फळ्यांचा वेगळा कप्पा. समोरचा धर्मोपदेशक दिसतो, शेजारचा दिसत नाही. तरी सगळे मिळून स्तोत्र म्हणू लागले, की त्याच चालीत काही जण शेजाऱ्याला निरोप देत. एवढ्या बंदोबस्तातही माणसाने माणसाशी बोलायची वाट काढली, हे मला फार मोलाचे वाटते.

मग मोकळ्या हवेत चालणे. तिथेही वेगवेगळे वाडे, मध्ये उंच भिंती.

दुपारी एक. मांस, बटाटे, पाव. पुन्हा काम. पहारेकऱ्याला बोलवायचे तर कोठडीतली मूठ फिरवायची. बाहेर घंटा वाजते आणि दाराशेजारच्या भिंतीतून क्रमांकाची पत्र्याची पट्टी पुढे येते. पहारेकरी ती पाहून येतो, हवे-नको विचारतो, पट्टी पुन्हा आत ढकलतो. नियम मोडणाऱ्याची रवानगी अंधारकोठडीत, पाव-पाण्यावर.

संध्याकाळी ओटची पेज आणि पाव. त्यानंतर थोडे काम, थोडे वाचन.

रात्री नऊला दिवा बंद. पहारेकरी बुटांवर जाड लोकरी आवरण चढवून गस्त घालतात. आपल्यावर नजर कधी आहे आणि कधी नाही, हे कैद्याला पावलांवरूनही कळू नये.

असे दिवस काढता काढता कित्येकांचे डोके फिरले. कुणाला भास होऊ लागले, काहींना वेड्यांच्या इस्पितळात हलवावे लागले. सरकारने मुदत दीड वर्षावरून बारा महिने केली, मग नऊ. झालरीच्या टोप्याही पुढे बंद झाल्या. पण तोवर या नमुन्यावर ठिकठिकाणी तुरुंग उभे राहिले होते.

तोच विचार समुद्र ओलांडून अंदमानातही पोचला. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये मधला मनोरा, त्यातून निघालेल्या सात इमारती आणि एकेकट्याची कोठडी, साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. क्रांतिकारक सावरकर तिथे 1911 पासून दहा वर्षे होते. लंडनच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातले त्यांचे सहकारी मदनलाल धिंग्रा यांना 17 ऑगस्ट 1909 रोजी फाशी दिली, ती पेन्टनविलमध्येच.

कोठडी स्वच्छ होती, अन्न वेळेवर मिळत होते, मारझोड हा नियम नव्हता. तरी माणसे मोडली. माणसाला माणसापासून तोडून सुधारता येत नाही, हे पेन्टनविलने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध केले. जगभरच्या तुरुंगांत एकांतवासाची शिक्षा आजही दिली जाते. ती बंद झाली पाहिजे.