चौकोनी भोकाचे नाणे

कोरियातील जुन्या नाण्यांच्या मधोमध चौकोनी भोक असते. कशासाठी? दोरीत ओवण्यासाठी, हे उत्तर बरोबर आहे. पण मग गोल भोकही चालले असते. याचे उत्तर नाणी बनवण्याच्या पद्धतीत सापडते.

आपल्याकडे धातूच्या चकतीवर ठशाने घाव घालून नाणी पाडत. कोरियात ती ओतत. नमुन्याची नाणी बारीक वाळूत दाबून खळगे करीत आणि ते एका नालीने जोडीत. वितळलेला मिश्रधातू नालीतून खळग्यांत उतरे. साचा उघडला की फांदीला पाने फुटावीत तशी नाणी दिसत. म्हणून त्यांना ‘यॉपजॉन’, म्हणजे पान-नाणे, म्हणत. तोडलेल्या नाण्यांच्या कडा खडबडीत असत. अनेक नाणी चौकोनी दांडीवर ओवून त्यांवर कानस फिरवीत. दांडी गोल असती, तर नाणी कानशीबरोबर फिरत राहिली असती!

कोरियात पहिली नाणी इ. स. ९९६ मध्ये निघाली, तरी लोक व्यवहारात तांदूळ आणि कापडच वापरत राहिले. १६७८ पासून ‘सांगप्यॉंग थोंगबो’ हे नाणे मोठ्या प्रमाणावर निघू लागले व हळूहळू रुळले. अशा एका नाण्याची किंमत एक मुन.

ओतकाम सोपे होते. भट्टी, वाळू आणि धातू असला की कोणीही नाणी ओतू शकेल. मग चोरून नाणी का पाडू नयेत? नाण्याची किंमत त्यातील धातूच्या किमतीहून फार जास्त नसेल, तर त्यात फायदा नसतो.

१८६६ मध्ये हाच समतोल बिघडला. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळालेला ग्यॉंगबोकगुंग राजवाडा पुन्हा बांधला जात होता आणि खजिन्यात खडखडाट होता. राजाचे वडील देवॉनगुन यांनी १०० मुनांचे नवे नाणे काढले. त्यात धातू मात्र जेमतेम पाच-सहा जुन्या नाण्यांइतकाच!

आता हिशेब करा. जुनी १०० नाणी वितळवली, तर नवी १६ ते २० नाणी होतात. म्हणजे १०० मुनांचे १६०० ते २००० मुन. खोटी नाणी निघाली, जुनी नाणी लोकांनी दडवून ठेवली. दोनएक वर्षांत तांदळाचा भाव सुमारे सहापट झाला. १८६८ मध्ये हे नाणे चलनातून काढावे लागले. राजवाड्याचा खर्च अखेर तांदूळ विकत घेणाऱ्यांनी सोसला.

वर्गात विचारून पाहा : तुमच्याकडे जुनी १०० नाणी आणि नवे एक नाणे असते, तर बाजारात आधी कोणते खर्चले असते? आणि दुकानदाराने कोणते मागितले असते?