कारखान्याचं जाळं – भाग ७ : पिंग केलं आणि रोबोटचा हात फिरला

गेल्या आठवड्यात आपण जांभळ्या केबलपाशी थांबलो होतो. प्रोफिबसची ती जाड केबल, टोकाच्या कनेक्टरवरचा टर्मिनेशनचा छोटा खटका, आणि तो ‘ऑन’ करायचा राहिला की रात्रपाळीत अधूनमधून गायब होणारी स्टेशनं. ते जग कटकटीचं होतं, पण बंदिस्त होतं. आता नव्या पॅनलमध्ये हिरवी केबल दिसते, प्रोफिनेटची. ती ईथरनेटच आहे. म्हणजे अकाउंट्सचा प्रिंटर ज्या जातकुळीच्या जाळ्यावर चालतो, त्याच जातकुळीच्या जाळ्यावर आता प्रेसही चालते. आजचा विषय हा शेजार.

आयटीवाले कारखान्यातल्या या बाजूला ‘ओटी’ म्हणतात, ऑपरेशनल टेक्नॉलॉजी. चाकणच्या किंवा भोसरीच्या शॉपवर हा शब्द काढलात, तर ‘किती तासांची?’ असं कुणीतरी विचारेल. तिथे ओटी म्हणजे ओव्हरटाइम. गैरसमजाची सुरुवात अशी नावापासूनच होते.

ईथरनेटचा जन्म १९७३चा, झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतला. कचेरीतले संगणक आणि प्रिंटर जोडायचे, एवढीच तेव्हाची गरज. मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९चा, मोडिकॉन कंपनीने स्वतःच्या पीएलसींसाठी केलेला. मॉडबसला विचारायचं ते इतकंच : कुठल्या रजिस्टरमध्ये काय आहे, आणि तिथे काय लिहू? विचारणारा कोण, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. पडायचं कारणही नव्हतं. वायर पॅनलमधून निघून पॅनलमध्येच जात होती. पुढे मॉडबस ईथरनेटवर आणला, तेव्हा तोच संदेश टीसीपीच्या पाकिटात घातला, बस. पोर्ट ५०२पर्यंत ज्याचा हात पोचेल त्याचं तो ऐकतो. घराला भिंती होत्या म्हणून दाराला कडी लावली नव्हती. नंतर भिंती पाडल्या, कडीचं राहूनच गेलं.

सुरक्षेइतकाच वेळेचाही प्रश्न आहे, आणि तो मला जास्त शिकवण्यासारखा वाटतो. कचेरीत ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सर्व्हो मोटरला दर काही मिलिसेकंदांनी नवा हुकूम लागतो. शिवाय पॅनलमधला कंट्रोलर म्हणजे लॅपटॉप नव्हे. जुन्या कंट्रोलरचं नेटवर्क कार्ड दुबळं असतं. अनोळखी पॅकेटांचा मारा झाला की ते गोंधळतं.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेच्या मार्गदर्शिकेत याचं एक उदाहरण नोंदवलेलं आहे. एका चालू नियंत्रण-जाळ्यावर कुणीतरी पिंग स्वीप केला. म्हणजे ओळीने एकेक पत्ता घेऊन ‘आहेस का?’ असं विचारलं. आयटीत हे काम शिकाऊ मुलगाही पहिल्या दिवशी करतो. इथे रोबोटचा स्टँडबायमध्ये असलेला एक नऊ फुटी हात जागा झाला आणि अर्धं वर्तुळ फिरला.

त्याहून मोठी गोष्ट अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राची. १९ ऑगस्ट २००६ला तिथल्या तिसऱ्या युनिटच्या जाळ्यावर रहदारी इतकी वाढली की पाणी फिरवणाऱ्या दोन्ही पंपांचे व्हीएफडी, म्हणजे वेग बदलणारे, कंट्रोलर प्रतिसाद देईनासे झाले. पंप गेले, आणि ऑपरेटरांना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. त्यानंतर त्या कंट्रोलरांपुढे रहदारी अडवणारे फायरवॉल बसवले गेले.

मार्च २००८मध्ये जॉर्जियातल्या हॅच केंद्रात तर सगळं नियमानुसार चाललं होतं. कचेरीच्या जाळ्यावरच्या एका संगणकात सॉफ्टवेअर अपडेट टाकलं आणि तो रीस्टार्ट केला. तो संगणक नियंत्रण यंत्रणेशी माहिती जुळवून घेत असे; त्याच्यासोबत तिथलाही डेटा रीसेट झाला. सुरक्षा यंत्रणेने त्याचा अर्थ लावला की थंड करणारं पाणी उतरलं, आणि युनिट आपोआप बंद पडलं. ते ४८ तास बंद राहिलं. अपडेट टाकणाऱ्याने त्याच्या पुस्तकात लिहिलेलं कामच केलं होतं. ‘या मशीनच्या पलीकडे काय जोडलंय?’ हा प्रश्न त्या पुस्तकात नव्हता.

म्हणून प्रशिक्षणात मी दोन्ही बाजूंची माणसं एकाच बाकावर बसवतो. आयटीवाल्यांना लॅडर आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सबनेट, असे वेगळे वर्ग घेऊन फारसं साधत नाही. दोघेही परीक्षेत पास होतात आणि शॉपवर एकमेकांना फोन करत नाहीत. त्यापेक्षा एक उपद्व्याप करतो. टेबलावर एक पीएलसी, साधा अनमॅनेज्ड स्विच, दोन ड्राइव्ह आणि दोन छोट्या मोटरी. सगळं चालू करून एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचच्या दोन पोर्टमध्ये खुपसतो. ब्रॉडकास्ट पॅकेट गरागरा फिरू लागतात, स्विचचे सगळे दिवे एकदम पेटतात, ऑपरेटरचा एचएमआय पडदा गोठतो.

पहिला ड्राइव्ह ट्रिप होतो. दुसऱ्याच्या पॅरामीटरमध्ये ‘संपर्क तुटल्यास शेवटच्या वेगाने चालू राहा’ असं मी मुद्दाम ठेवलेलं असतं. कधीकधी प्रक्रियेला तसंच लागतं, म्हणून ती सोय असते. त्यामुळे पडदा मेलेला आणि मोटर मात्र मजेत फिरते आहे.

मागच्या बॅचमध्ये एका चुणचुणीत आयटीवाल्याने लगेच वाकून पॅच कॉर्ड पकडली. निदान अचूक होतं. शेजारच्या मेंटेनन्सच्या काकांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. ‘थांब रे. केबल ओढलीस आणि तो बंद पडलेला एकदम चालू झाला तर? त्याच्या कपलिंगपाशी कोण उभं आहे ते आधी बघ.’ मग त्यांनी पुढे होऊन पॅनलवरचं लाल बटण दाबलं.

मोटर थांबली. मुलाने विचारलं, ‘नेटवर्क बंद असताना हे कसं चाललं?’

‘कारण त्याची वायर तुझ्या स्विचमधून जात नाही.’