रूड कोण? उद्धट की फटकळ?

‘शी, किती रूड!’ लिफ्टपासून कँटीनपर्यंत हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतं. मेलच्या सुरुवातीला ‘हाय’ नाही? रूड. रिक्षावाला ‘नाही येणार’ म्हणाला? रूड. मेसेजला उत्तर म्हणून नुसतं ‘के’? फारच रूड!

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये. ‘रुडिस’ म्हणजे कच्चा, न घडवलेला. ‘एर्युडाइट’, म्हणजे विद्वान, हाही त्याच घरातला, कच्चेपणा गेलेला. आपला ‘उद्धट’ मात्र संस्कृत ‘उद्धत’चा नातेवाईक. अर्थ, वर उचललेला. मान ताठ, नजर वरून खाली!

मराठीत एवढ्यावर भागत नाही. मी राहते बिबवेवाडीत, त्यामुळे प्रॅक्टिकल रोजचंच. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी फटकळ. पण सोसायटीच्या चेअरमनलाही तीच लागू. चितळे बंधूंचं दुकान दुपारी १ ते ४ बंद, म्हणून बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं पुण्याला नावं ठेवली. २०१७ मध्ये ही सुट्टी संपली. पण होती तेव्हा सगळ्यांनाच होती. शेजारच्या मार्केट यार्डात भाव विचारल्यावर मान वर न करता मिळणारं उत्तर तुसडं. पहिल्याच भेटीत पगार विचारणारे काका आगाऊ. आणि वडिलांच्या वयाच्या वॉचमनला ‘ए, गेट उघड’ म्हणून पुढच्याच मिनिटाला फोनवर गोड इंग्रजी बोलणारा? तो खरा उद्धट. ऑफिसात त्याला कुणी रूड म्हणत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, बरं का. माझ्या एका मैत्रिणीच्या अप्रेझलमध्ये शेरा आला : ‘रूड’. तिनं मीटिंगमध्ये एवढंच सांगितलं होतं, ‘शुक्रवारी जमणार नाही, सोमवारी होईल.’ काम सोमवारीच झालं. बाई फटकळ, पण इन्क्रिमेंट कापलं गेलं उद्धटपणाचं!

तेव्हा पुढचा फीडबॅक फॉर्म भरताना दोन मिनिटं थांबा. हा माणूस बॉसशीही असाच बोलतो, की फक्त हाताखालच्यांशी? बॉसशीही बोलत असेल, तर जरा सोसा. उपयोगाचा माणूस आहे. फक्त हाताखालच्यांशी बोलत असेल, तर बिनधास्त लिहा. आणि ‘रूड’ कमी पडला, तर मराठीत लिहा!