सोसण्याची मराठी रीत

संपादकांनी विषय दिला तो असा : संकटात श्रद्धेच्या बळावर माणूस कसा तगतो, ह्याचा मराठी ख्रिस्ती साहित्यातून आढावा. म्हणजे फादर स्टीफन्सपासून सुरुवात आलीच. ती उरकून टाकतो. १६१६ साली राचोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ओव्या दहा हजारांवर, आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्या सोडल्या तर बाकीचं कुणी उघडत नाही. (मीही दोनदाच वाचलंय.) मग १८५७, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. विधवांच्या हालांची कादंबरी, हेतू चोख, वाचायला खडतर. झालं. आता मला जिथे जायचंय तिथे जातो, आणि माझे जुने वाचक ओळखतीलच की मी लक्ष्मीबाई टिळकांकडे निघालोय.

वाटेत पंडिता रमाबाईंना ओलांडून जाता येत नाही. तरुणपणीच दुष्काळानं आईवडील आणि थोरली बहीण नेली, मग भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. पदरात लेक मनोरमा. १८९६ च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलीबाळींना केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुढे त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायका खिळे जुळवू लागल्या, हिब्रू आणि ग्रीकसुद्धा. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई बायबलच्या भाषांतराची प्रुफं तपासत राहिल्या आणि काम हातावेगळं करून एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. ग्रंथ निघाला १९२४ साली.

रमाबाईंसमोर मी उभाच राहतो. लक्ष्मीबाईंसमोर मात्र मांडी घालून बसता येतं.

त्यांच्या घराण्याची गोष्टच सत्तावन्नच्या फाशीपासून सुरू होते. आजोबा फासावर गेले आणि त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. त्या घरातली ही पोर अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांच्या गळ्यात पडली, की टिळक हिच्या, ते ठरवणं अवघड आहे. कवी माणूस, घरात टिकेना, हातात पैसा टिकेना. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायको लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांच्या आसऱ्याला. ताटातूट जवळजवळ पाच वर्षं. त्यांची पहिली कविता ह्याच दुःखातून आली. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या.

म्हणजे सगळ्यात कठीण वर्षं त्यांनी ख्रिस्ती नसताना काढली! आमच्यातले काही विद्वान त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ बाप्तिस्म्यापासून पुढे वाचतात आणि नदीपलीकडचे काही विद्वान बाप्तिस्म्यापर्यंतच. दोघांशी माझं चाळीस वर्षं भांडण आहे. पंढरपुरात धीर कोणत्या देवानं दिला, ह्याचा हिशेब मला मांडावासा वाटत नाही. तिसरी एक जात आहे, ती म्हणते पुस्तक ‘विनोदी’ आहे. अहो, तो विनोद म्हणजेच त्या बाईंची प्रार्थना आहे. नवरा घरातलं उचलून दुसऱ्याला देतो, घरात इतरांची पोरं भरलेली, त्यांत बालकवीही, आणि ही बाई स्वतःच्या फजितीवर आधी हसते, मग चूल पेटवते. रडायला तिला वेळ मिळतच नाही असं नाही. रडून घेते, आणि मग त्याचीही गंमत सांगते.

१९१९ मध्ये टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी मांडलं होतं, पण जेमतेम दहाएक अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोनं पुढचे ६४ लिहिले. लोक ‘स्मृतिचित्रे’वर थांबतात, ह्या ६४ अध्यायांबद्दल कुणी बोलत नाही. सकाळी उठून, गेलेल्या माणसाच्या ओवीला आपली ओवी जोडायची, आणि हे वर्षानुवर्षं. धीर, धीर म्हणतात तो मला तिथे दिसतो.

आमच्या खाडीपलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मी प्रोटेस्टंट, ते कॅथलिक, पण त्यांचं ‘सुवार्ता’ मासिक माझ्याकडे यायचं. हरित वसईच्या लढ्यात पडले, एकहाती ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, आणि जानेवारी २०२० मध्ये पाठ धड उभं राहू देत नसताना उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद निभावलं. जुलै २०२४ मध्ये तेही गेले. ही माळ तिथेच तुटली असं मी म्हणालो तर तरुण लेखक रागावतील. रागवावं, आणि लिहावं.

कारण आता जे चाललंय ते ऐकवत नाही. भाड्याच्या हॉलमध्ये कीबोर्ड, मोठे स्पीकर, आणि साक्ष देणाऱ्यांची रांग. नोकरी लागली, फ्लॅट झाला, व्हिसा मिळाला. ज्याला काहीच मिळालं नाही त्याला माइककडे बोलावत नाहीत. ईयोबाच्या ४२ अध्यायांतला शेवटचा तेवढा वाचायचा, जिथे गुरं दुपटीनं परत मिळतात. राखेत बसलेले मधले अध्याय कुणाचे? टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणणारे आता माझ्या वयाचेच उरलेत.

नगरचा माणूस नया नगरात राहायला आला, हा मेहुण्याचा विनोद मी तीस वर्षं ऐकतोय. आमच्या घरची प्रार्थनासभा मगरिबच्या अजानला थांबायची आणि मग पुढच्या गायनाला लागायची. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. देवळं बंद. सौभाग्यवती आदल्या दिवाळीत गेलेली. मी पेटी काढली नाही. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आपा तोंडाला ओढणी बांधून दारात, “चाचा, इस बार गाना नहीं हुआ?” काय सांगणार? दार लावलं आणि ‘स्मृतिचित्रे’ काढलं. पहाटे दोनला मी एकटा मोठ्यानं हसत होतो. हसलो ह्याची लाजही वाटली.

आपांची मुलगी मराठी शाळेत शिकली. गेल्या वर्षी तिनं ती प्रत नेली. परवा जिन्यात भेटली. म्हणाली, “काका, मी पंढरपुरात आहे. टिळक त्यांना न्यायला कधी येतात?”

मी म्हटलं, “वाच की.”